पाण्यावर दिसलं तेवढं

कान होता तो. मातीचा, नखाएवढा, चिमटीत दाबून टोक काढलेला, कालचा ओलेपणा पार उडून गेलेला — स्वेटरच्या खिशात किल्ली शोधताना बोटांना लागला आणि तिने तो तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरला. देवमाशाचा कान. देवमाशाला कान नसतात, म्हणजे असे बाहेर आलेले, डुकरासारखे नसतात, हे तिला ठाऊक होतं; पण काल तिच्याच तोंडून गेलं होतं, 'डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानांसारखं काहीतरी', आणि त्या 'सारखं'ला ऐकणाऱ्याच्या बोटांत जागा नव्हती. मातीत एक तर कान असतो किंवा नसतो. कानासारखं काहीतरी मातीत करता येत नाही.

मागे जेवणाच्या टेबलाखाली खारू कपड्यांचे चिमटे एकापुढे एक लावत बसली होती. तिसरं वर्ष संपत आलेली तिची मुलगी. सापडेल ते उचलून कुठे ना कुठे साठवते म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव. निळा, निळा, पिवळा, निळा. "खारू," तिने हाक मारली — मुद्दाम मारली हे तिचं तिलाच कळलं, कारण काम काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं. खारूने मान वर केली नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं, कान उत्तम आहेत, दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडा, धावत येईल… आणि येतेच. मग हाक जाते कुठे? आत जाते, आणि आतल्या एखाद्या खोलीत जाऊन बसते — आत खोल्या किती, त्यातली बंद कोणती, हे मी तिला पोटात वाढवूनही मला माहीत नसावं…

"झालं सुरू," ओट्यापासून सासूबाई म्हणाल्या. "कितवी हाक गं ही सकाळपासून? तिला कळतं तुला काही नकोय. मीसुद्धा नाही बघणार वर, तू उगाच हाक मारलीस तर."

"तुम्हाला मी कधी उगाच हाक मारली, आई?"

"मारून बघ एकदा." त्यांनी दुधाखालचा गॅस बारीक केला. "हिचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता. बोलला तो थेट भांडायलाच. मूल आहे, घड्याळ नाही, वेळच्या वेळी ठोके द्यायला."

बापासारखी. शेजारीण म्हणते, तिच्या भाच्यासारखी. स्वतःची आई फोनवर म्हणते, अगदी तुझ्यासारखी, तूही अशीच घुमी होतीस. जो तो आपल्या ओळखीतलं एक माणूस काढून खारूच्या शेजारी उभं करतो आणि हात झटकून मोकळा होतो. मी मात्र… माझ्याकडे उपमा नाहीत म्हणून नव्हे. माझ्याकडे फार आहेत.

नवरा दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. "मला आज सुटता येणार नाही, सांगितलंय ना तुला. तू सांगशील तेच." मग नाडीकडेच बघत, "आणि हे बघ, जे आहे तेवढंच सांग. तिखटमीठ नको."

"मी तिखटमीठ लावते?"

"तू लावत नाहीस. ते लागतं. परवा फोनवर काय सांगत होतीस त्यांना? 'ती माझ्याकडे बघते, पण काचेतून पलीकडचं बघितल्यासारखी.' हे काय वाक्य आहे? त्या बाईंनी याचं करायचं काय?"

"आहेच तसं."

"साप साप म्हणून भुई धोपटायची," तो म्हणाला. रागाने नाही, दमून. मग टेबलाखाली वाकून त्याने खारूला उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं, आणि तेवढ्यात तिने बघून घेतलं — खारूचा हात त्याच्या खांद्यावर गेला का? नाही गेला. लोंबत राहिला, चिमटा घट्ट धरून. आता चिमटा धरलेला हात खांद्यावर जाईल कसा, हेही तिला लगेच सुचलं. पण नोंद तर होऊन गेली होती, आणि एकदा झालेली नोंद खोडायची सोय डोक्यात नसते.

आज चार वाजता त्या बाल-विकासतज्ज्ञ बाईंकडे जायचं होतं. फोनवर त्यांचा आवाज समंजस होता, म्हणूनच जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या होत्या, मूल माझ्यापुढे अर्धा तास असणार, परक्या जागेत. तुमच्यापुढे ते जन्मापासून आहे. तपासणी मी करीनच, पण भिस्त तुमच्यावर. तुम्ही जे सांगाल त्यावर पुढची दिशा ठरेल. पुढची दिशा म्हणजे पुढच्या महिन्यात खारू कोपऱ्यावरच्या बालवाडीत जाईल, की गावाच्या पलीकडच्या टोकाला त्या निराळ्या शाळेत. की तिच्या नावापुढे तो शब्द लागेल — स्वमग्न. शब्द किती देखणा आहे… एखाद्या शांत तळ्याला द्यावा असा. तो एकदा चिकटला की मग खारू चिमटे लावत बसली तरी ते चिमटे राहणार नाहीत, लक्षण होईल. आणि नाही चिकटला, आणि तो हवा होता — वेळेत हवा होता, मी शब्द आखडले म्हणून राहून गेला… मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण चिंतायचं नाही असं ठरवून, वैऱ्यावर सगळं सोपवून, आई मोकळी होऊ शकते का?

संग्रहालयाच्या तळघरातली तिची खोली सदा दमट असायची, मातीमुळे. काम सांगितलं की लोकांना आधी गंमत वाटे, मग कळत नसे. प्राणिशास्त्राच्या फार जुन्या ग्रंथांमधल्या चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं, समुद्रातल्या प्राण्यांचं — खऱ्या आणि खोट्या. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी प्रत्येक चित्राचं वर्णन ऐकवायचं आणि शेजारी हाताने चाचपता येईल अशी मातीची प्रतिकृती ठेवायची. वर्णन ती लिही. ते नेमकं झालं की नाही हे तपासायची एक रीत त्यांनी घालून घेतली होती: तिने मोठ्याने वाचायचं, आणि टेलिफोनबाईंनी ऐकता ऐकता जे हाताखाली घडेल ते घडवायचं. मग चित्र आणि माती शेजारी शेजारी ठेवायची. शब्द कुठे घसरले ते माती दाखवी. टेलिफोनबाईंची दृष्टी लहानपणीच गेलेली. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, म्हणून हे नाव, आणि मातीचा नाद निवृत्तीनंतरचा.

पहिल्यांदा ही रीत ऐकली तेव्हा ती मनाशी हसली होती. कारण ती चित्रं जन्माला आली तीही अशीच. कोणा खलाशाने धुक्यात काहीतरी बघितलेलं. ते त्याने बंदरातल्या खाणावळीत सांगितलेलं. ते ऐकणाऱ्याने चितारणाऱ्याला कळवलेलं. आणि चितारणारा म्हणजे समुद्रापासून कोसांवर, तांब्याच्या पत्र्यावर सुई घेऊन बसलेला, ज्याने जन्मात तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही असा. खलाशी म्हणे, डुकरासारखा घुरघुरला. हा त्याला डुकराचं मुस्काट देई. खलाशी म्हणे, चिमणीतून धूर निघावा तसं पाणी उडालं; हा डोक्यावर दोन चिमण्या बसवी, विटांच्या रेषांसकट. शिवाय विद्वानांची खात्री की जमिनीवर जे जे आहे त्याचा जोडीदार समुद्रात असणारच — समुद्रातला घोडा, समुद्रातली गाय, समुद्रातला साधूसुद्धा, डोक्याचा गोटा आणि खवल्यांचा झगा. मग पुढच्या ग्रंथाचा चित्रकार मागच्या ग्रंथावरून उतरवी, एखादा सुळा वाढवी, आणि बघता बघता ज्याला कोणीच पाहिलं नव्हतं त्या प्राण्याला घराणं तयार होई.

तिला भीती वाटे ती मात्र खेकड्याची. एका पानावर खाली कोपऱ्यात खेकडा होता, साधा, किनाऱ्यावरचा, इतका हुबेहूब की पायावरची लव बघून घ्यावी. वर, त्याच पानावर, त्याच हाताने, तितक्याच जिवाने काढलेला तीन शेपट्यांचा मगरतोंड्या. भिंगाखाली दोघांच्या रेषा सारख्याच शांत. खरं काढताना हात स्थिर आणि खोटं काढताना थरथरला, असं कुठेही नाही. म्हणजे खात्री ही काही खूण नव्हे… मला किती खात्री वाटते यावरून खारूबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि त्याच्या उलटही नाही, कारण कधीकधी राक्षस निघालाही खरा. ज्या हातापायांच्या गुंत्याची विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली, तो एक दिवस किनाऱ्याला येऊन पडलाच, वास मारत, माणसांहून लांब हातांचा.

"या वर्णनबाई," टेलिफोनबाईंनी मातीवरचं ओलं फडकं काढलं. "आवाज बसलाय. झोप नाही झाली?"

"झाली थोडी."

"असा आवाज आला ना, की मी पूर्वी आधीच विचारायचे — कोण जोडून देऊ, डॉक्टर की पोलीस?"

तिला हसू आलं, आणि हसण्यानेही दमल्यासारखं झालं. आजचं चित्र महासर्पाचं होतं. कालच्या कानाचा धडा घेऊन तिने वर्णन पुन्हा लिहून काढलं होतं; एकही 'सारखं' नाही, 'जणू' नाही, 'भयंकर' तर नाहीच. ती वाचू लागली. पाणी आडव्या, बारीक, समांतर रेषांनी दाखवलेलं. पाण्यातून वर आलेले तीन गोल उंचवटे, एका ओळीत, मध्ये अंतर सोडून. प्रत्येकावर खवल्यांच्या अर्धगोल रेषा. उजवीकडे फेस… वाचताना तिला स्वतःच्या आवाजाचा अभिमान वाटत होता, स्वच्छ घासलेल्या भांड्याचा वाटतो तसा. दुपारी असंच बोलायचं. हाक मारली की वर बघत नाही. चिमटे ओळीने लावते. टाचा उचलून चालते. पूर्णविराम.

टेलिफोनबाईंनी फळीवर तीन गोळे ठेवले, अंगठ्याने थोडे दाबले आणि हात मांडीवर घेतले. "झालं."

"झालं?"

"तुमचं संपलं ना? मग माझंही संपलं."

"जोडले नाहीत एकमेकांना?"

"जोडलेत का चित्रात?"

ती भिंग घेऊन वाकली. उंचवट्यांच्या मध्ये पाण्याच्या रेषा होत्या, सरळ, निर्विकार. रेषांखाली काहीच नव्हतं. आठवडाभर हे चित्र तिच्या टेबलावर होतं आणि तिने शपथेवर सांगितलं असतं की पाण्याखालून जाणारं ते जाड, वळसेदार अंग तिला दिसतं. पुसट, पण दिसतं. "नाही," ती म्हणाली. "डोकंसुद्धा नाही. फेसात लपवलंय."

"मग? तुमच्या शब्दांबाहेर मी गेले नाही. तीन ढेकळं. नांगरलेल्या शेतात असतात तशी."

"कालच ठरलं ना आपलं, 'सारखं' नको म्हणून."

"ठरलं खरं. पण वर्णनबाई, लोक बिचारे राक्षस बघायला येणार, आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली ढेकळं सारणार? कालच्याला कान तरी होता."

तीन ढेकळं फळीवर होती, ओली, कशाचीही नसलेली. म्हणजे असं आहे तर… 'सारखं' म्हणावं तर त्या बाई ऐकता ऐकता कान लावणार, आणि तो कान खारूच्या डोक्याला जन्मभर राहणार. न म्हणावं, नुसतं दिसलं तेवढं मोजून द्यावं, तर त्या तीन ढेकळं बघून म्हणणार, एवढंच ना, असतात हो मुलं अशी — आणि आम्ही सुटल्यासारख्या घरी येणार, आणि पाण्याखाली जर खरंच… मानेची शीर आखडली होती. तिला वाटलं, इथेच, या ओल्या फडक्यावर डोकं टेकावं आणि कोणीतरी दुसऱ्याने सांगावं. ज्याला खारू आवडत नाही, नावडत नाही, अशा कोणीतरी.

"होडी आहे का त्यात?" टेलिफोनबाईंनी विचारलं.

"आहे. मागे."

"माणसं?"

"चारदोन आहेत. पण ती प्रतिकृतीत घ्यायची नाहीत. म्हणून लिहिली नाहीत."

"का बरं? त्यांनी काय घोडं मारलंय?" त्यांनी गोळ्यातून चिमूटभर माती तोडली, बोटांत वळली. तांदळाच्या दाण्याएवढी. "करतोय काय तो?"

"एक जण डोलकाठीला मिठी मारून उभा आहे. पाठमोरा. चेहरा नाही दिसत."

"हं. ठेवा मला जागेवर."

तिने टेलिफोनबाईंचं मनगट धरलं आणि हात फळीच्या कडेपर्यंत नेला. दाणा उभा राहिला, जरा कललेला. आणि ढेकळं… ढेकळांना कोणी हात लावला नव्हता. तरी ती वाढली. मधल्या मोकळ्या फळीला एकदम खोली आली, काळी, थंड.

"केवढा झाला," ती हळूच म्हणाली.

टेलिफोनबाईंची बोटं आधी उंचवट्यांवरून गेली, मग त्या दाण्यावर थांबली. "मेला बिचारा," त्या समाधानाने म्हणाल्या. "साप नव्हे हो. हा."

जेवणाच्या सुट्टीनंतर ती निघाली. रस्त्यात, बसमध्ये, ती त्या पाठमोऱ्याबद्दल विचार करत राहिली — म्हणजे विचार असा नाही, तो आपला डोळ्यांपुढे उभा होता. होडी परत किनाऱ्याला लागली असेल. लोकांनी घेरलं असेल, सांग, सांग. त्याने काय सांगितलं असेल? त्याने तीन उंचवटे सांगितले असतील की स्वतःची मिठी? त्याला तरी कळलं असेल का, की ज्याला तो सर्पाची लांबी म्हणतोय त्यात कितीतरी हात त्याच्या स्वतःच्या धडधडीचे आहेत? आणि तरीही तिथे सर्प नव्हताच असं कोण म्हणणार, त्याच्याशिवाय तिथे होतं कोण…

घरी सासूबाईंनी खारूला स्वच्छ फ्रॉक घालून, केस विंचरून तयार ठेवलं होतं. बघायला येणाऱ्यांपुढे न्यायचं असावं तसं. "दोन घास जास्त खाल्लेत आज," त्या म्हणाल्या, "सांग त्यांना." मग दारापर्यंत आल्या, खारूची हेअरपिन काढून पुन्हा लावली. "आणि हे बघ. मी आपली बोलते काहीबाही. तुझं तू सांग." त्यांच्या आवाजाला सकाळची धार नव्हती. तेव्हा तिला जाणवलं, याही बघत असतात. ओट्याकडे तोंड करून, पाठीने. 

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बाकं होती, भिंतीवर ढग रंगवलेले होते, आणि एका परडीत इतकी खेळणी होती की त्यांतलं एखादं खारूने कसं उचललं यावरूनही काही ठरत असणार अशी शंका यावी. ती आपली वाक्यं म्हणून बघत होती. हाक मारली की वर बघत नाही — की, हाक मारली की कधीकधी वर बघत नाही? की, मी हाक मारली की? शेवटचं तर वाक्यच निराळं होतं. खारू तिला टेकून उभी होती, सगळं वजन टाकून, भिंतीला टेकावं तसं. नको. भिंतीला नको. टेकून उभी होती.

आत बोलावलं. तज्ज्ञ बाई वयाने तिच्याच बरोबरीच्या निघाल्या, डोळ्यांखाली तिच्याइतकीच काळी वर्तुळं. त्यांनी खारूला हात केला, खारूने त्यांच्या घड्याळाकडे बघितलं, मग आईच्या मांडीवरून घसरून खाली उतरली आणि खोलीच्या मधोमध, कोणाचीही परवानगी न घेता, पालथी पडून एक गाल फरशीला लावला. डोळे उघडे. हात दोन्हीकडे पसरलेले.

"बोला," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "घाई नाही. पहिल्यापासून सांगा."

तिने तोंड उघडलं. वाक्यं तिथेच होती, ओळीने, जिभेच्या मागे, आणि ती सगळी अचानक दुसऱ्या कोणाच्या मुलीची वाटली.

"तिला गार फरशी आवडते," मी म्हणाले.

माझा मलाच धक्का बसला. हे सांगायचं नव्हतं. हे कुठल्याच बाजूला लागत नव्हतं. हे लक्षण होतं की नुसती फरशी, मला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते ठाऊक नसणं मी लगेच कशाने भरून काढलं नाही.

"नेहमी करते असं?"

'नेहमी'वर एरवी ती तुटून पडली असती, कधी, कुठे, किती वेळ. आता उत्तर शोधायला आत गेली तर तिथे फक्त थकवा होता, रुंद, सपाट, आणि थकव्याच्या तळाशी एक साधा प्रश्न, जो आजवर तिने कोणालाच विचारला नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी… मी त्या वेळी उभी असते."

तज्ज्ञ बाईंनी मान हलवली. होकाराने की नुसतीच, कळलं नाही. त्या थांबल्या होत्या. अजून सगळंच सांगायचं होतं, आणि ती सांगणारही होती, थोड्या वेळाने, जमेल तसं, चुकत. पण या क्षणी ती फरशीकडे बघत होती. प्रश्न एवढाच होता: किती गार असेल? तिथून काय दिसत असेल — टेबलाचे पाय, बाईंच्या चपला, आणि टेबलाच्या फळीखालून आलेली तिची स्वतःची पावलं, घोट्यापर्यंतच, जवळ जवळ ठेवलेली, केवढीतरी मोठी. वरची बाकीची आई तिथून दिसत नसणार. वरून नुसत्या हाका येत असणार. तिने पावलं किंचित मागे ओढली, आणि फरशीवर टेकलेला तो एक डोळा पावलांबरोबर सरकला का, हे बघायच्या आधीच तिने आपले डोळे मिटून घेतले.